गौरीबद्दल कोण बोलणार?

मंडळी, ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात भरत नाट्य मंदिरात पहिल्यांदा झालं. लेखन तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. १९ प्रयोगांनंतर ते थांबवलं गेलं. ओरड काय, तर नाना फडणवीसांची आणि ब्राह्मणांची बदनामी.

नाटकातली गोष्ट आठवा. कोतवाली मिळावी म्हणून बाप पोटची पोर नानांच्या हवाली करतो. पोर मरते. शेवटी जमाव बापाला दगडांनी ठेचतो. नाना सुखरूप, वर उत्सव करा म्हणतात.

नानांच्या बदनामीवर एवढा वाद झाला. गौरीवर किती बोललो आपण?

हे पेशवाईपुरतं नाही. आपल्या मुळशीतही असं काही घडलं आणि आरोपी मजूर, ड्रायव्हर असला, की बातमीत नाव, गाव, वय सगळं. फार्महाऊसवाला असला की ‘प्रतिष्ठित व्यक्ती’. पोरीचं नाव छापायला कायद्यानं बंदी, तरी कोळवणच्या पारावर आधी तिचंच. यात आम्ही पत्रकार आलो, मीसुद्धा आलो.

यापुढं गुन्हा दाखल झाला की माझ्या बातमीत दोघांना एकच माप. पारावर पोरीचं नाव घेणं तुम्ही थांबवा. एवढं तर जमेल ना?