आयडीव्हीला कात्री लावण्याआधी

‘हप्ता जरा खाली येईल का बघा’ अशी विनंती वॅगनआरवाल्याकडून येते तशीच पोर्शवाल्याकडूनही येते. वॅगनआरवाल्याला आपण चार कंपन्यांची कोटेशन्स काढून दाखवतो. स्पोर्ट्स कारचा मालक समोर असला की मात्र आपल्यातले बरेच सल्लागार थेट आयडीव्हीला, म्हणजे गाडीच्या विमा उतरवलेल्या किमतीला, हात घालतात. आकडा वीस टक्क्यांनी उतरवला की हप्ता उतरतो, ग्राहक खूश आणि काम पाच मिनिटांत संपते. या अंकात वेगवान गाड्यांच्या विम्यावर लेख आहेत, म्हणून या सवयीबद्दल स्पष्ट बोलायला हवे.

आधी हप्ता नेमका कुठे वाढतो ते पाहू. थर्ड पार्टीत तो वाढत नाही. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात १,५०० सीसीच्या वरच्या खासगी गाडीला वर्षाला ७,८९७ रुपये आहेत. मर्सिडीज-एएमजी ए ४५ एसचे इंजिन १,९९१ सीसीचे आणि ताकद चारशे अश्वशक्तींच्या पुढे. इनोव्हा क्रिस्टाचे डिझेल इंजिन २,३९३ सीसीचे आणि ताकद त्याच्या निम्म्याहूनही कमी. तरी दोघींना थर्ड पार्टी सारखीच. सगळा भार पडतो तो ओन डॅमेजवर, कारण तो गाडीच्या किमतीवर मोजला जातो. २००२ च्या टॅरिफमध्ये मुंबई-पुण्यासह ‘अ’ झोनमधल्या, पाच वर्षांच्या आतल्या, १,५०० सीसीवरील गाडीला ३.४४० टक्के दर होता. १ जानेवारी २००७ पासून दर खुले झाले आणि कंपन्या त्यावर भरघोस सूट देऊ लागल्या. तरी हिशेब समजून घ्यायला तो आकडा आजही उपयोगी पडतो.

एक कोटीची नवी गाडी. पहिल्या सहा महिन्यांचा पाच टक्के घसारा वजा जाता आयडीव्ही ९५ लाख. जुन्या दराने ओन डॅमेज होतो ३,२६,८०० रुपये. आता याच ग्राहकाची सहा लाख आयडीव्हीची जुनी सेडान घ्या. पाच वर्षे क्लेम नाही, म्हणजे एनसीबी (क्लेम न केल्याबद्दलची सूट) ५० टक्के. सेडानवर त्या एनसीबीची किंमत दहा-अकरा हजार. तीच एनसीबी नव्या गाडीवर नेली तर तिची किंमत १,६३,४०० रुपये. एवढी मोठी आणि पूर्णपणे कायदेशीर सूट दुसरी कुठलीच नाही, आणि ती गमावली जाते केवळ कागदाअभावी. सेडान विकली, पॉलिसी नव्या मालकाच्या नावावर गेली आणि एनसीबीचे पत्र घ्यायचे राहून गेले, असे वारंवार घडते. गाडी विकल्यावर ती एनसीबी तीन वर्षांपर्यंत वापरता येते. पण पॉलिसी संपून ९० दिवस उलटले आणि रिन्युअल झाले नाही, तर हक्क गेलाच. दुसरी चूक चार्टर्ड अकाउंटंटच्या सल्ल्यातून येते. घसाऱ्याचा करलाभ मिळावा म्हणून गाडी कंपनीच्या नावावर घेतली जाते आणि संचालकाची वैयक्तिक एनसीबी वाऱ्यावर राहते. करातला फायदा आणि हप्त्यातला तोटा हे दोन्ही आकडे बुकिंगच्या आधी शेजारी शेजारी मांडून दाखवणे हे आपले काम आहे.

ऐच्छिक वजावटीचे जुने कोष्टक या गाड्यांसाठी हास्यास्पद होते. १५,००० रुपये स्वतः सोसायची तयारी दाखवली तर ३५ टक्के सूट, पण कमाल २,५०० रुपये! आता मोठ्या वजावटीवर मोठी सूट मागता येते, आणि मागायला हवी. दोन कोटींच्या गाडीचा मालक बंपरच्या खरचट्यासाठी क्लेम करून एनसीबी घालवणार नसतोच. मग पहिला एक लाख त्याने स्वतः सोसावा आणि त्याचे मोल हप्त्यात वसूल करावे.

किलोमीटरवर आधारित जोड-कवच हेही याच गाड्यांसाठी बनल्यासारखे आहे. आयआरडीएआयने जुलै २०२२ मध्ये त्याला मुभा दिली. रविवारी पहाटे लोणावळ्यापर्यंत जाऊन येणारी आणि पावसाळाभर कव्हरखाली उभी राहणारी गाडी वर्षाला तीन-चार हजार किलोमीटर धावते. पण अशी कवचे अनेकदा ठरावीक आयडीव्हीपर्यंतच मिळतात, आणि वरच्या गाड्यांसाठी ती मागणारे सल्लागार थोडे. मुख्य कार्यालयाकडे लेखी मागणी गेली नाही तर तिथे बसलेल्यांना गरज कळणार कशी?

आता ती कात्री. रास्त आयडीव्ही एक कोटी असताना आपण ८० लाख लिहिली. जुन्या दरानेही वाचले ६८,८०० रुपये. कंपनीची सूट आणि एनसीबी धरली तर त्याहून बरेच कमी. अपघात झाला, दुरुस्तीचा अंदाज आला ६५ लाख. एक कोटीच्या आयडीव्हीवर हे ६५ टक्के, गाडी दुरुस्त होते. ८० लाखांवर हेच ८१ टक्के. दुरुस्ती ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की गाडी टोटल लॉस. ग्राहकाच्या हाती ८० लाखांपेक्षा थोडे कमी येतात आणि एक कोटीची गाडी जाते. सेकंडहँड गाडीत ही धार आणखी तीक्ष्ण, कारण आयडीव्ही दरवर्षी उतरते आणि हेडलॅम्पची किंमत दरवर्षी चढते. पाच वर्षांवरील गाडीची आयडीव्ही परस्परसंमतीने ठरते, म्हणजे तिथे आपल्या शब्दाला वजन आहे. ते खाली ओढायला वापरू नये.

काही कवचे काढून हप्ता कमी करणारेही आहेत. इंजिन संरक्षण हा त्यातला पहिला बळी. जमिनीपासून चार-साडेचार इंच उंच गाडी, हवा ओढणारे तोंड खाली, आणि पावसात तुंबणारे मुंबईतल्या हिंदमातासारखे चौक. पाण्यात बंद पडलेली गाडी मालकाने पुन्हा स्टार्ट केली की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साधी पॉलिसी याला अपघात मानत नाही. तिसऱ्याच्या मालमत्तेची साडेसात लाखांची मर्यादा सहा हजारांवर आणून शंभर रुपये वाचवणाऱ्या महाभागांबद्दल न बोललेले बरे. आणि कोइम्बतूरच्या किंवा बुद्ध सर्किटच्या ट्रॅक डेला निघालेल्या ग्राहकाला शर्यत आणि वेगचाचणी पॉलिसीबाहेर आहेत हे लेखी कळवावे. तोंडी सांगितलेले क्लेमच्या वेळी कुणालाच आठवत नाही.

सर्व्हेअर मंडळींशी एक शब्द. घसाऱ्याच्या जुन्या तक्त्यात प्लास्टिक ५० टक्के आहे, फायबर ग्लास ३० टक्के आहे, काच शून्य आहे. कार्बन फायबर नाही. बारा लाखांचा कार्बन फायबरचा पुढचा भाग फुटला, तर एकाच्या अहवालात कपात सहा लाख आणि दुसऱ्याच्या अहवालात ३ लाख ६० हजार होऊ शकते. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारे कवच, असेल तोवर हा वाद झाकलेला राहतो. गाडी ते कवच मिळण्याच्या वयापुढे गेली की उघडा पडतो, आणि परवडणारा विमा शोधणारा ग्राहक बहुधा अशाच जुन्या गाडीचा असतो. कार्बन फायबरचा भाग कोणत्या रकान्यात धरणार, हे कंपन्यांनी पॉलिसीच्या शेड्यूलमध्येच छापावे. ते होईपर्यंत सल्लागारांनी प्रत्येक रिन्युअलच्या आधी हा प्रश्न ईमेलने विचारावा आणि आलेले उत्तर पॉलिसीला जोडून ठेवावे.