बाभूळ फुटकी नाही, घाई आपली आहे

बांधावरची बाभूळ, आंबा, कडुलिंब पाडला की ओंडका महिना-दोन महिने उन्हात पडून राहतो. मग तडे जातात आणि आपण म्हणतो, लाकूडच फुटकं, घाला सरपणात. मला हे पटत नाही. पूर्वी बैलगाडीच्या चाकाचा तुंबा याच बाभळीचा व्हायचा आणि त्याला मधोमध भोक पाडलेलं असायचं. तेव्हा फुटत नव्हतं, मग आता का फुटतंय?

कारण साधं आहे. लाकडातलं पाणी ओंडक्याच्या दोन्ही तोंडांनी लई लवकर उडतं, बाजूंनी सावकाश. शिवाय वाळताना लाकूड गोलाईच्या अंगाने जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आकसतं. या ओढाताणीत तडा जातो. आपल्या वरवंडात चैत्र-वैशाखाचं ऊन आणि कोरडं वारं, त्यात उघडा ओंडका टिकणार कसा?

आता गावागावात पोरं लेथ मशीन घेऊन वाडगे, डबे, फुलदाण्या कातायला लागली आहेत. त्यांच्यासाठी चार गोष्टी.

१) झाड शक्यतो दिवाळीनंतर थंडीत पाडा. परवानगी लागते का ते आधी विचारून घ्या.

२) ओंडका लागतो त्यापेक्षा हातभर लांब ठेवा. त्याच दिवशी दोन्ही तोंडांना वितळवलेलं मेण नाहीतर जाड ऑइलपेंट लावा. सावलीत, जमिनीपासून वर रचा.

३) वाडग्यासाठी ओंडका गाभ्यातून उभा चिरून दोन फाळ्या करा. गाभ्याचा ठिपका भांड्यात राहिला की तडा तिथूनच सुरू होतो.

४) ओलं असतानाच आतून कोरून घ्या, पण भिंत जाड ठेवा. १० इंची वाडग्याला १ इंच. बूड आणि भिंत सारख्या जाडीची पाहिजे. काम अर्धवट सोडून जेवायला जायचं असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळा. मग भांडं कागदात किंवा त्याच लाकडाच्या भुशात ठेवा. दर आठवड्याला वजन करा. वजन उतरायचं थांबलं की वाळलं समजा. याला काही महिने लागतात. तोवर वाडगा थोडा लंबगोल होतो, तेव्हा परत लेथवर चढवून शेवटचा हात फिरवा.

सावंतवाडीची चितार आळी लाकडी खेळणी आणि लाखेच्या रंगकामावर नावारूपाला आली. तिथेही कामाची सुरुवात नीट वाळलेल्या लाकडापासूनच होते.

माझं म्हणणं एवढंच. सरपणाच्या भावात जाणारा ओंडका नीट राखला तर कातणाऱ्याला तो चार पैसे जास्त देऊन घ्यायला परवडतो. झाड वाढायला वीस-पंचवीस वर्षं लागतात, तोंडाला मेण लावायला अर्धा तास. तेवढी सबुरी आपण धरायला पाहिजे.

तुमच्याकडे जुने सुतार ओंडके विहिरीत, ओढ्यात बुडवून ठेवायचे का? माहीत असेल तर जरूर लिहा.