एक इंजिन, दोन आकडे
काही वर्षांपूर्वीची डिझेल स्विफ्ट आणि तिच्याच घरची डिझेल एर्टिगा यांच्या बॉनेटखाली फियाटच्या कुळातले तेच १२४८ घन सेंटिमीटरचे इंजिन असता एकीच्या दप्तरी ७५ आणि दुसरीच्या दप्तरी ९० अश्वशक्तीची नोंद कशी, अशी शंका ज्यास येईल त्याने प्रथम हे ध्यानी घ्यावे की, इंजिनात किती हवा कोंबली जाते आणि तिच्या प्रमाणात किती इंधन जाळण्याची मुभा मिळते, यावरच शक्तीचा सारा हिशेब ठरतो. ही हवा कोंबण्याचे काम इंजिनाच्याच धुराच्या जोरावर फिरणारा टर्बो करतो; स्विफ्टच्या टर्बोत त्या धुराचा मार्ग कायमचा मुक्रर केलेला. एर्टिगाच्या टर्बोत मात्र टर्बाइनच्या चाकाभोवती लहानशी हलती पाती असून, इंजिन मंद फिरत असता ती जवळ येऊन धुराची वाट अरुंद करतात व त्याचा वेग वाढवितात, आणि फेऱ्या वाढल्या की दूर सरून त्यास मोकळी वाट देतात. त्यामुळे कमाल टॉर्क १९० न्यूटन-मीटरवरून जेमतेम २०० वर गेला, तरी मिनिटाला ४००० फेऱ्यांवर, जेथे दोन्ही इंजिने आपली कमाल शक्ती प्रकट करतात, तेथे एकीत तो सुमारे १३२ तर दुसरीत १५८ उरतो, आणि खरी तफावत ती हीच. इंधनाचे हुकूम सोडणाऱ्या संगणकातील कोष्टकेही अर्थात त्याबरहुकूम बदलावी लागतात. शहराच्या गर्दीत ४००० फेऱ्यांची गाठ क्वचितच पडते. तेव्हा गाडी घेताना अश्वशक्तीचा आकडा किती फेऱ्यांवरचा आहे, हे विक्रेत्यास अवश्य विचारावे.