जोखीम कुणाची?

दिवाळीपूर्वी आमचा भाचा अकोल्याहून अमरावतीला आला. संगणकावरचा एक खेळ तो रचतो आहे. शेकडो माणसे आपापल्या घरून तो एकत्र खेळणार आणि एकमेकांचा माल गावोगाव पोचविणार.

“पण मामा, नेणाऱ्यानं मालच लांबवला तर?”

मी म्हटले, “बाबा रे, हा प्रश्न हुंडीइतका जुना!” पूर्वी जोखमी हुंडी असे. माल सुखरूप पोचला तरच तिचे पैसे मिळायचे. वाटेत बुडाला तर सावकारही बुडाला.

भाच्याने ‘ईव्ह ऑनलाइन’ या २००३ सालच्या आइसलंडी खेळाचा दाखला दिला. तिथे नेणाराच आधी अनामत ठेवतो. माल पोचला की अनामत परत, वर मजुरी. नाही पोचला तर अनामत धन्याची. (काही धनी म्हणे भरमसाट अनामत घेतात आणि वाटेत स्वतःच दबा धरून बसतात. माणूस खेळात तरी वेगळा कशाला वागेल!)

युक्ती मला पटली. तेवढ्यात सौ. आतून म्हणाली, “आणि ज्याच्याजवळ ठेवायलाच काही नाही, त्यानं काय करायचं?”

भाचा गप्प. मीही. नवा खेळगडी तर रिकाम्या हातानेच येणार!

चहा संपता संपता तो म्हणाला, “मामी, खेळाडूंचीच एक पेढी काढू. नवख्याची अनामत ती भरेल आणि मजुरीत वाटा घेईल.”

म्हणजे सावकार परत आलाच!

निघताना सौ.ने त्याच्या हाती वन्सबाईंसाठी चिवड्याचा डबा दिला. “अनामत नको रे. गेल्या वर्षीचा डबा तेवढा परत पाठव.”