घरच्या चार्जरची तपासणी कोण करणार? महावितरणला खुलं पत्र

मा. अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक,
महावितरण, प्रकाशगड, मुंबई
प्रत : मुख्य अभियंता, लातूर परिमंडळ, मुख्य अभियंता, नांदेड परिमंडळ

महोदय,

3 एप्रिल 2024 च्या पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात तळमजल्यावरच्या शिवणकामाच्या दुकानाला आग लागली आणि वर झोपलेले एकाच कुटुंबातले सात जण धुरानं गुदमरून गेले. चार्जिंगला लावलेल्या विद्युत दुचाकीमुळे हे घडलं असावं, असा संशय पहिल्या बातम्यांत होता. त्याआधी एप्रिल 2022 मध्ये आमच्या धर्माबाद-बिलोलीच्या शेजारच्या निजामाबाद जिल्ह्यात घरात चार्जिंगला ठेवलेली बॅटरी फुटून एक वृद्ध दगावले. त्याच वर्षी सप्टेंबरात वसईत सात वर्षांचा मुलगा असाच गेला. याच काळात केंद्रानं बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या आणि डिसेंबर 2022 पासून त्या टप्प्याटप्प्यानं लागू झाल्या. बॅटरीचा विचार झाला, पण भिंतीतल्या वायरिंगचा विचार कुणी केला? लातूर-नांदेडच्या घरांत आता त्याच वायरिंगवर विद्युत चारचाकी येते आहे. राज्यातल्या चार्जिंगची नोडल संस्था तुम्ही आहात, म्हणून हे पत्र तुम्हालाच.

गाडी चार्ज करण्यासाठी घरची सध्याची जोडणी वापरता येते, असं केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. ही सवलत चांगलीच आहे. पण लोकांनी तिचा अर्थ ‘कुणाला विचारायला नको’ असा घेतला. गाडीसोबत आलेला छोटा चार्जर गिझरच्या पॉवर प्लगला लागतो, नाहीतर अंगणापर्यंत एक्स्टेंशन ओढलं जातं. हा चार्जर सुमारे 15 अँपिअर घेतो. गिझरही फार तर तेवढंच घेतो, पण तो पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो. गाडी रात्रभर, आठ-नऊ तास तेवढाच करंट ओढत राहते. भिंतीवरचा 7.4 किलोवॉटचा चार्जर लावला तर 32 अँपिअर. करंट दुप्पट झाला की सैल जोडातली उष्णता चौपट होते. अशा चार्जरला साधारण 6 चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी आणि आरसीसीबी लागते. जुन्या वायरिंगवर एमसीबी पडायला लागला की आमच्याकडे त्याहून मोठा एमसीबी बसवून दिला जातो. मग एमसीबी पडत नाही, वायर मात्र तापत राहते.

सगळ्यात धोकादायक प्रकार अर्थिंगचा आहे. अर्थिंग मिळालं नाही तर चांगला चार्जर लाल दिवा दाखवतो आणि चार्जिंग सुरूच करत नाही. तो माणसाला वाचवण्यासाठीच तसा बनवलेला असतो. पण घरमालकाला सकाळी अहमदपूरला किंवा देगलूरला जायचं असतं. अशा वेळी जुगाड म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रलची वायर अर्थच्या पिनेला जोडली जाते. दिवा हिरवा होतो, सगळे खूश. पुढे वादळात खांबावर किंवा मीटरपाशी न्यूट्रल तुटला, तर घरातल्या चालू उपकरणांमधून फेज त्या पिनेवर आणि तिथून गाडीच्या पत्र्यावर येतो. ओल्या अंगणात अनवाणी उभं राहून त्या गाडीचं दार कोण उघडेल, हे सांगता येत नाही. ते घरातलं लहान मूलही असू शकतं.

त्यात आमची काळी माती. पावसाळ्यात ती ओली असते तेव्हा अर्थिंग उत्तम लागतं. एप्रिल-मे मध्ये तिला भेगा पडतात, ती अर्थिंगच्या सळईपासून सुटते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. ज्या लातूरला 2016 मध्ये रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं, तिथं उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी कोण ओतणार?

आता विम्याचं. 1 एप्रिल 2021 पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते आणि तीत आगीला संरक्षण आहे. पण शॉर्टसर्किटनं किंवा स्वतःच्या उष्णतेनं जळालेलं विद्युत उपकरण, म्हणजे खुद्द चार्जर, तीत भरून मिळत नाही. त्या आगीत घराचं जे नुकसान होईल ते मिळू शकतं. मात्र दाव्याच्या वेळी सर्वेक्षक येतो, पंचनामा आणि अग्निशमन दलाचा अहवाल मागतो, वायरिंग कुणी केलं ते विचारतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या सुरक्षा नियमांनुसार बल्ब, पंखा, फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली तर बाकीचं काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच व्हायला हवं. स्वतः किंवा ओळखीच्या पोराकडून चार्जर बसवलेल्या माणसाकडे त्या वेळी दाखवायला एक चिठ्ठीही नसते. आयुष्याची कमाई घातलेल्या घराचा दावा मग वादात अडकतो. भाड्याच्या घरात तर घरमालकाचं आणि शेजाऱ्याचं नुकसानही अंगावर येतं.

चार्जर बसवताना लोक मंजूर भार वाढवून घेण्यासाठी तुमच्याकडे का येत नाहीत? हेलपाटे पडतील, अनामत भरावी लागेल, थ्री-फेज घेतलं तर स्थिर आकार वाढेल, या धास्तीनं. ही धास्ती तुम्हीच घालवू शकता. घरगुती चार्जरसाठी मराठीत एकपानी वेगळा अर्ज ठेवा. अर्ज आला की ठरलेल्या दिवसांत माणूस पाठवा. त्यानं सर्व्हिस वायर बघावी, अर्थिंग मीटर लावून मोजावं, डीपीच्या त्या फेजवर किती भार आहे ते पाहावं आणि ठेकेदाराच्या चाचणी अहवालावर सही-शिक्का मारून एक प्रत ग्राहकाच्या हातात द्यावी. तोच कागद उद्या विमा कंपनीपुढे चालेल. परवानाधारक ठेकेदारांची यादी प्रत्येक उपविभागीय कार्यालयात आणि गाड्यांच्या शोरूममध्ये लावा. ज्यांनी आधीच चार्जर बसवला आहे त्यांना दंडाची भीती न घालता तपासणीला बोलवा, नाहीतर ते कधीच पुढे येणार नाहीत.

आणि आधीच बसवलेल्या चार्जरची ही पहिली तपासणी मे महिन्यात करा. श्रावणात घेतलेलं अर्थिंगचं माप मराठवाड्यात ग्राह्य धरू नका.

हे पत्र वाचणाऱ्या गाडीमालकांनाही विनंती : तुमच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडलेले असतील तर आजच चार्जिंग थांबवा आणि परवानाधारक माणसाकडून ते सोडवून घ्या.

आपला,
लातूरचा एक वीजग्राहक