स्वल्पविरामाचा काय दोष?

आमच्या गिरगावातल्या चाळीचा पुनर्विकास होऊ घातला आहे. भाडेकरूंची यादी परवा जिन्याखालच्या फलकावर लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या नावापुढे क्षेत्रफळ छापलं होतं १८. अठरा चौरस फूट! एवढ्यात त्यांचा पलंगसुद्धा मावायचा नाही. पंच्याऐंशीच्या बाई कठड्याला धरून माझ्या दाराशी आल्या नि म्हणाल्या, "मास्तर, माझी दुसरी खोली गेली का हो?"

यादी तयार करणारा मुलगा भेटला. बोलायला गोड. "काका, स्क्रिप्ट पर्लमधली आहे, फार जुनी. शिवाय तुमच्या चाळीतले पत्तेच धड नाहीत, खूप कॉमे येतात त्यात."

इथे माझं डोकं फिरलं. मी काही संगणकतज्ज्ञ नव्हे, मराठीचा बी.ए. पण निवृत्तीनंतर माझी जुन्या फाँटातली व्याकरणाची टिपणं युनिकोडात आणायची होती, तेव्हा भाच्याने मला कामापुरती पर्ल शिकवली. म्हटलं, दाखव तुझी मूळ फाइल.

काकूंच्या ओळीत मजला, खोली आणि क्षेत्रफळ असं होतं: २,"१७, १८",२४०. टंकणाऱ्या मुलीची काही चूक नाही. रकान्याच्या आत स्वल्पविराम असेल तर तो रकाना दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवायचा, ही या सीएसव्ही फायलींची रीतच आहे. २००५ साली आरएफसी ४१८० मध्ये ती लिहूनही ठेवली गेली. आतच अवतरणचिन्ह आलं तर ते दोनदा लिहायचं, हेही त्यात आहे. या पठ्ठ्याने काय केलं? पर्लच्या 'स्प्लिट'ला सांगितलं, दिसेल त्या स्वल्पविरामावर काप. कापलं. खोली झाली १७, क्षेत्रफळ १८, आणि २४० जाऊन बसले भाड्याच्या रकान्यात. मग तुटकी अवतरणचिन्हं दिसायला वाईट दिसतात म्हणून तीही पुसून टाकली. म्हणजे पुरावाही गेला!

तळमजल्यावरची दोन कुटुंबं तर यादीतच नव्हती. त्यांच्या ओळीच्या शेवटचे फोन आणि ईमेलचे रकाने रिकामे. वेगळं काही सांगितलं नाही तर 'स्प्लिट' शेवटचे रिकामे रकाने गुपचूप टाकून देते. रकाने कमी भरले म्हणून स्क्रिप्टने अख्खी ओळच वगळली. फोन नाही म्हणून माणूसही नाही! शेवटी उणे एक एवढं लिहिलं असतं तर ते रकाने टिकले असते.

आम्ही वर्गात वाक्यपृथक्करण शिकवायचो, शब्दांचं व्याकरण चालवायला लावायचो. तो म्हणाला, "हो, येतो." या वाक्यात दोन स्वल्पविराम आहेत. दुसऱ्यावर वाक्य तोडून 'येतो' हे कोण म्हणालं ते ठाऊक नाही, असं उत्तर एकाही पोराने कधी लिहिलं नाही. संगणकवाले 'पार्सिंग' म्हणतात ते याहून वेगळं काय आहे? आधी व्याकरण, मग सुरी.

आणि पर्लला कशाला नावं ठेवता? १९८७ साली ती लिहिणारे लॅरी वॉल हे भाषाशास्त्राचे विद्यार्थी. (मला ते उगाच आपले वाटतात. असो.) सीएसव्ही नीट वाचणारं टेक्स्ट::सीएसव्ही हे मोड्यूल सीपॅनवर फुकट मिळतं. अवतरणचिन्हांच्या आत पत्ता दोन ओळींत मोडला असला तरी योग्य सूचना दिल्यावर ते तो एकच रकाना धरतं; ओळीओळीने वाचून कापणाऱ्याला ते कधीच जमणार नाही. तो मुलगा म्हणाला, आता पायथॉनमध्ये नव्याने लिहितो. लिही बाबा. पण पायथॉनमध्येही 'स्प्लिट' आहे, आणि तिथेही तू तेच केलंस तर काकूंना पुन्हा अठराच फूट मिळतील.

एक कबूल करतो. माझ्या टिपणांसाठी मीही 'स्प्लिट'च वापरतो. रकान्यांच्या आत स्वल्पविराम नाहीत हे मला ठाऊक आहे, कारण फाइल माझी आहे. चुकलं तर माझा एक समास चुकेल. इथे माणसांची घरं आहेत. आणि गिरगावातल्या पत्त्यात खोली, मजला, चाळ, गल्ली येणारच. लोकांनी पत्ते सरळ करावेत म्हणून काय खोल्या एकेकट्या कराव्यात?

हरकती द्यायला सोमवारपर्यंत मुदत आहे. काकूंचा आणि तळमजल्यावरच्या दोघांचा अर्ज मी काल हाताने लिहून दिला, मूळ ओळींची छापील प्रत जोडून. पोच घेतली आहे. लालबाग-परळकडे कुणाच्या चाळीत अशी यादी लागली असेल तर फलकावरच्या कागदावर वाद घालत बसू नका, मूळ फाइल मागा.