गांवचें पाणी आणि गांवची माहिती



जगांत दोन प्रकारचें धन आहे. एक असें कीं, तें वांटलें म्हणजे कमी होतें. धान्य, पैसा आणि पाणी हीं त्या प्रकारांत मोडतात. दुसरें असें कीं, तें कितीहि वांटलें तरी देणाऱ्याजवळ जसेंच्या तसें राहतें, आणि घेणाराहि श्रीमंत होतो. विद्या हें या दुसऱ्या प्रकारचें धन होय, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु विद्येचीच एक धाकटी बहीण आहे. तिच्याकडे आपलें लक्ष क्वचित् जातें. ती म्हणजे माहिती. पाऊस किती पडला, विहिरीचें पाणी किती खालीं गेलें, बाजारांत मालास काय भाव आला, कोणत्या कामावर किती सरकारी पैसा खर्च झाला, या साध्या नोंदींस मी माहिती म्हणतों. सार्वजनिक पैशानें गोळा केलेली अशी माहिती सर्वांस विनामूल्य, सहज व समजेल अशा रूपांत मिळाली पाहिजे. रस्ता, विहीर आणि शाळा यांप्रमाणेंच ती गांवाची सामाईक मत्ता आहे, असें माझें मत आहे. आपल्या कोरेगांव तालुक्याच्या पाण्याचें उदाहरण घेऊन तें वाचकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु.

सातारा जिल्ह्याचें पर्जन्यमान हें एक आश्चर्यच आहे. पश्चिमेकडे महाबळेश्वरीं वर्षास पांच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, आणि पूर्वेस माण तालुक्यांत तो पांचशें मिलिमीटरच्या आसपास येऊन थांबतो. आपला तालुका या दोहोंच्या मध्यें. पश्चिमेच्या अंगास कृष्णामाई वाहते खरी; पण तालुक्याच्या आंतल्या भागास आधार वसना, तिळगंगा यांसारख्या लहान नद्यांचा, आणि त्यांचें पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरेलच असा भरंवसा नाहीं. कोरेगांवच्या ज्या वाघ्या घेवड्यास भौगोलिक मानांकन मिळालें आहे, तो घेवडा पावसाकडे डोळे लावून असतो. आणि पावसाळा सरला कीं रब्बीचीं पिकें विहिरींच्या तोंडाकडे पाहूं लागतात. अशा प्रदेशांत साऱ्या जिल्ह्याच्या पावसाची सरासरी काढून काय उपयोग? ती कागदावर शोभेल. परंतु तिनें महाबळेश्वरची इरलीं कोरडीं होणार नाहींत आणि माणच्या घागरीहि भरणार नाहींत. शेतकऱ्यास हवी असते ती त्याच्या स्वतःच्या शिवारावरील पावसाची नोंद.

भूमीच्या पोटांतील पाण्याची गोष्ट याहून बिकट आहे. कारण तें डोळ्यांस दिसत नाहीं. समजा, एका शिवारांत दहा शेतकरी आहेत. दहांच्या विहिरी निराळ्या, बांध निराळे, उतारे निराळे. पण खालचें पाणी मात्र एकच. एकाची विहीर आटली म्हणून तो विंधणविहीर घेतो. तिला पाणी लागतें, तें शेजाऱ्याच्या विहिरीचें आटत जातें. मग शेजारी त्याहून खोल जातो. पांच-सात वर्षांत दहाहि जणांनीं कर्ज काढलेलें असतें, आणि खडकांतून नुसती धूळ वर येत असते. यांत कोणी दुष्ट नव्हता. प्रत्येकाला आपल्या मोटारीचा आवाज ऐकूं येत होता. सर्वांच्या मिळून असलेल्या सांठ्याचा हिशेब मात्र कोणाजवळच नव्हता. पावसाळ्यानंतर ‘यंदा पाणी गतवर्षाहून इतकें खालीं आहे’ ही एक ओळ जर त्या दहांना चव्हाट्यावर वाचावयास मिळती, तर ऊंस लावावा कीं ज्वारी पेरावी याचा विचार त्यांनीं पेरणीपूर्वींच केला असता. एका ओळीची किंमत ती काय! पण तिच्यावांचून दहा कुटुंबें कर्जांत बुडतात.

कोणी म्हणेल, ही माहिती आणावयाची कोठून? उत्तर असें कीं, तिच्यापैकीं पुष्कळशी आधींच गोळा होत आहे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक निरीक्षण-विहिरींची पातळी वर्षांतून चार वेळां, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत, मोजते. आणि सारें राज्य सुमारें दीड हजार पाणलोट क्षेत्रांत विभागून भूजलाचा हिशेब मांडते. महावेध प्रकल्पाखालीं महाराष्ट्रांतील दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रें उभीं राहिलीं आहेत. हवामानावर आधारलेल्या पीक-विम्याच्या हिशेबांत अशाच केंद्रांवरील नोंदी प्रमाण धरतात. २०१९ सालीं सुरू झालेल्या अटल भूजल योजनेंत महाराष्ट्रांतील जे तेरा जिल्हे घेण्यांत आले, त्यांत सातारा आहे. आणि भूजलाची माहिती जनतेपुढें उघड करणें हें त्या योजनेंत अनुदानाच्या कसोट्यांपैकीं एक मानलें गेलें. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचें चौथें कलम तर याहून व्यापक आहे. कोणी अर्ज करण्याची वाट न पाहतां सार्वजनिक कचेऱ्यांनीं आपण होऊन माहिती प्रसिद्ध करावी, असें तें सांगतें. म्हणजे मोजमाप आहे, पैसा खर्च झालेला आहे आणि कायदाहि अनुकूल आहे. राहिलें आहे तें शेवटचें एक पाऊल. यंत्रणेच्या संगणकावर असलेला आंकडा गांवच्या पारापर्यंत, मराठींत आणि वेळेवर पोहोंचत नाहीं. मे महिन्याची पातळी पुढल्या दिवाळींत समजली तर तिचा उपयोग इतिहासकाराला, शेतकऱ्याला नव्हे.

हें पाऊल टाकतां येतें, याचा पुरावा आपल्या महाराष्ट्रांतच आहे. पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील हिवरे बाजार हें गांव सर्वांस ऐकून माहीत आहे. १९८९ सालीं श्री. पोपटराव पवार तेथील सरपंच झाले; पुढें २०२० सालीं त्यांचें नांव पद्मश्रीच्या यादींत आलें. तेथें बांधबंदिस्ती झाली, झाडें लागलीं. परंतु अशीं कामें इतरत्रहि झालीं आहेत. त्या गांवाचें वैशिष्ट्य निराळें आहे. तेथें दरवर्षीं पडलेला पाऊस मोजतात, त्यावरून पाण्याचा जमाखर्च मांडतात आणि तो ग्रामसभेपुढें वाचतात. हा जमाखर्च मुलांनींहि करून पाहावा. एक हेक्टर भूमीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडलें. यांतून वाहून किती गेलें, हवेंत किती उडालें व जमिनींत किती मुरलें, हें वजा-शिलकेचें गणित होय. शिल्लक कळली म्हणजे आधीं पिण्याचें पाणी बाजूस काढावयाचें, मग गुराढोरांचें, आणि उरेल त्यावर पिकें ठरवावयाचीं. शेतीसाठीं विंधणविहिरींस व ऊंसासारख्या तहानलेल्या पिकांस त्या गांवानें आपण होऊन बंदी केली. लोकांनीं ही बंदी मानली, याचें कारण हिशेब सर्वांच्या डोळ्यांदेखत झाला होता. न दाखवितां केलेला नियम जुलूम वाटतो. दाखवून केलेला नियम आपलाच वाटतो.

आपल्या तालुक्यानेंहि या बाबतींत मान मिळविला आहे. २०१६ सालीं पानी फाउंडेशननें पहिली सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धा घेतली, तेव्हां राज्यांतून तीनच तालुके निवडले होते. वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगांव. पहिलें पारितोषिक मिळालें तें आपल्या तालुक्यांतील वेळू या गांवास. गांवकऱ्यांनीं कुदळ-फावडें हातीं घेऊन जें श्रमदान केलें, त्याचें कौतुक सर्वत्र झालें. परंतु त्या स्पर्धेंत गुण मिळत ते मोजलेल्या कामास, हें विसरूं नये. उतार मोजावा, चर मोजावा, साठणारें पाणी मोजावें, ही शिस्त त्या उन्हाळ्यांत लोकांनीं अंगीं बाणविली. घामास मोजमापाची जोड मिळाली म्हणजे तो वायां जात नाहीं.

माहिती खुली केल्यानें राष्ट्राच्या संपत्तींत भर पडते कीं काय, अशी शंका कोणास असेल तर त्यानें आकाशाकडे पाहावें. पृथ्वीचीं छायाचित्रें घेणारे लँडसॅट नांवाचे अमेरिकन उपग्रह १९७२ पासून फिरत आहेत. त्यांच्या चित्रांस पुष्कळ वर्षें मोठी किंमत पडे. तेव्हां भरभराटीच्या वर्षींहि पंचवीस हजारांच्या आसपासच चित्रें खपत. २००८ सालीं तीं सर्वांस विनामूल्य करण्यांत आलीं, आणि दोन-तीन वर्षांतच वर्षाला वीस लाखांहून अधिक चित्रें लोक घेऊं लागले. उपग्रह तेच, चित्रें तींच. फक्त दार उघडलें. आज पिकांची पाहणी, दुष्काळाचा अंदाज, जंगलांची मोजणी अशीं किती तरी कामें त्या चित्रांवर चालतात. बंद कोठींत ठेवलेल्या माहितीचें मोल कोठीच्या मालकास वाटतें तेवढेंच राहतें. खुल्या माहितीस कोण कोठें कोणता उपयोग शोधील, हें आधीं कोणासच सांगतां येत नाहीं.

आतां विरुद्ध पक्षाचें म्हणणेंहि ऐकलें पाहिजे. पहिला आक्षेप असा कीं, सर्वच उघडें केलें तर माणसाच्या घरांतील गोष्टी चव्हाट्यावर येतील. हा आक्षेप खोटा नाहीं. आपला सातबाराच पाहा. त्याच्या इतर हक्कांत कर्जाचा बोजा चढलेला असतो, आणि तो उतारा आज संगणकावर कोणालाहि पाहतां येतो. जमिनीचा मालक कोण हें उघड असल्यानें फसवणूक टळते. पण कोणाचें कर्ज किती, हें साऱ्या गांवानें चघळावें, हें बरें नव्हे. म्हणून सार्वजनिक वस्तूची माहिती सार्वजनिक असावी, आणि व्यक्तीच्या सुखदुःखाची माहिती त्या व्यक्तीची राहावी, अशी रेषा आंखणें अवश्य आहे. विहिरीची पातळी ही पहिल्या प्रकारची, आजाऱ्याचा रोग हा दुसऱ्या प्रकारचा.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. माहिती खुली केली तरी तिचा लाभ प्रथम शहाण्या व सधन माणसास होतो. भूमीखालीं पाणी कोठें आहे हें नकाशावरून ज्यास वाचतां येतें, तोच तेथें आधीं जमीन घेतो आणि गरीब पाहत राहतो. हेंहि खरें आहे. पण यावर उपाय नकाशा पुन्हा कुलपांत घालणें हा नाहीं. कारण कुलपाची किल्ली नेहमीं बलिष्ठाच्याच कमरेस असते. उपाय एकच, आणि तो म्हणजे ज्यास वाचतां येत नाहीं त्यास वाचून दाखविणें.

येथें आपल्याच शेजारची आठवण होते. महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचें मूळ गांव कटगुण, आपल्या लगतच्या खटाव तालुक्यांतील. १८८३ सालीं त्यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. कागदांत काय लिहिलें आहे हें कळत नसल्यामुळें शेतकरी कसा नाडला जातो, हें त्यांनीं त्यांत तळमळीनें दाखविलें. तेव्हांचा कागद आतां संगणकाच्या पडद्यावर गेला आहे; परंतु तो न वाचतां येणारा माणूस अद्याप तेथेंच उभा आहे. त्याच्या घरांत मात्र आतां शाळेंत जाणारें मूल आहे. हाच काय तो मोठा फरक, आणि माझी सारी आशा त्यावरच आहे.

म्हणून मुलांनो, एक लहानसें काम सुचवितों. आपापल्या गांवच्या शाळेच्या अथवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक काळा फळा मागून घ्या. एक साधें पर्जन्यमापक बसवा, आणि रोज सकाळीं साडेआठ वाजतां, वेधशाळेच्या रिवाजाप्रमाणें, पाऊस मोजून फळ्यावर लिहा. यंत्रणेनें ठरविलेल्या चार महिन्यांत गांवांतील एका विहिरीची पातळी दोरी सोडून मोठ्या माणसांसमक्ष मोजा, आणि गतवर्षाच्या आंकड्याशेजारीं मांडा. आंकडा चुकला तर खोडून खरा लिहा. सोयीचा आंकडा मात्र कधींहि लिहूं नका. पालकहो, आपल्यास एवढीच विनंती कीं, हा पोरखेळ समजूं नये. ग्रामसभेस जातांना त्या फळ्यापुढें क्षणभर थांबावें, आणि सभेंत तो आंकडा मोठ्यानें वाचावा.

पाणी निर्माण करणें आपल्या हातीं नाहीं. जें आहे तें किती, हें जाणून घेणें आणि तें सर्वांस सांगणें मात्र आपल्या हातीं आहे. वांटल्यानें पाणी कमी होतें, हें खरें. पण पाण्याची माहिती वांटली नाहीं, तर वांटावयास पाणीहि उरत नाहीं.